'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा का ऐकू येतो?

कारण ते दोन वेगळे ध्वनी आहेत, फक्त अक्षर एक आहे.

व्यंजन ओळखताना तीन गोष्टी बघतात: हवा तोंडात कुठे अडते, कशी अडते आणि स्वरतंतू कंप पावतात का. दोन्ही च मध्ये हवा आधी पूर्ण अडते, मग घासत सुटते (म्हणून स्पर्शघर्ष), आणि दोन्ही अघोष, म्हणजे स्वरतंतू कंप पावत नाहीत. फरक जागेचा. 'चारा', 'चोर', 'चाक' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं. हा दंतमूलीय च, जवळजवळ 'त्स'. 'चार', 'चंद्र' म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचलला जातो, हा तालव्य. सावकाश म्हणून बघा, जीभ सरकलेली जाणवेल.

ज आणि झ चंही तेच, फक्त ते घोष. 'माझा' दंतमूलीय, पण 'माझी' तालव्य, कारण ई साठी जीभ आधीच टाळूकडे निघालेली असते. इ, ई, ए, य यांच्याआधी बहुधा असंच होतं. 'चंद्र', 'चरण', 'जल' अशा संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांत मात्र पुढे अ असूनही तालव्यच.

छ सुटला. प्रमाण मराठीत तो एकाच प्रकारचा, तालव्य.