शंका-समाधान : वास्तूंचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर

प्रश्न : शनिवारवाड्याचे फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाला चित्रे पुरवणाऱ्या मुक्त संग्रहावर) चढवले. त्यातला भावाने काढलेला एक आणि माझ्याच फेसबुकवरून उतरवून घेतलेला एक, असे दोन काढून टाकण्यात आले. चुकले काय? (वाचक, पुणे)

उत्तर : भावाच्या फोटोचे हक्क भावाचे, तुम्ही 'स्वतःचे काम' म्हणून तो देऊ शकत नाही. त्याने स्वतःचे खाते उघडून चढवावा, हे सर्वांत सोपे. फेसबुकची गोम वेगळी. तिथून उतरवलेला फोटो आकाराने लहान होतो, कॅमेऱ्याचे मॉडेल आणि एक्सपोजरची माहिती पुसली जाते आणि आत बहुधा 'एफबीएमडी'पासून सुरू होणारी अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ राहते. ती दिसली की फोटो कुठून तरी उचलला, अशी शंका तपासणारे घेणारच. फोनमधली मूळ फाइल द्या. ती संगणकावर केबलने घ्या. व्हॉट्सअॅपच वापरायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तिथेही हेच होते.

फोटो चढवताना इतरांना वापरू देण्याचा परवाना साधारणपणे 'सीसी बाय-एसए 4.0' (क्रिएटिव्ह कॉमन्सचा) निवडतात. कोणीही, अगदी कॅलेंडर छापून विकणाराही, फोटो वापरू शकतो. तुमचे नाव द्यायचे आणि बदल केल्यास तोच परवाना ठेवायचा. 'व्यापारी वापर नको' ही अट कॉमन्सला चालत नाही. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, तेव्हा घरच्यांचे चेहरे असलेले फोटो आधीच बाजूला काढा.

फाइलचे नाव 'आयएमजी 2034' ठेवू नका. 'शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा, उत्तरेकडून' असे मराठी नाव चालते. वर्ग (कॅटेगरी, म्हणजे फोटो ज्या विषयाखाली लागतो तो गट) मात्र नेमका द्या. नुसत्या 'पुणे' वर्गात टाकलेला फोटो सापडणे मुश्कील.

प्रश्न : दिल्ली दरवाजा फोटोत नेहमी काळा आणि आकाश पांढरेफटक येते. (वाचक, सातारा)

उत्तर : दरवाजा उत्तराभिमुख आहे. वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडून, म्हणजे वाड्याच्या मागून असतो. हिवाळ्यातली दुपार तर सर्वांत वाईट. ढगाळ दिवस निवडा. ऊनच हवे असेल तर जूनमध्ये सकाळी लवकर जा. तेव्हा सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि बुरुजांवर तिरपे ऊन पडून दगडांचे सांधे उठून दिसतात. फोनवर दरवाजावर बोट टेकवा, मग उजेड थोडा कमी करा. बुरुज आत कललेले दिसतात, कारण जवळ उभे राहून फोन वर तिरका धरला जातो. समोर पटांगण मोकळे आहे; मागे सरका, फोन सरळ धरा. ट्रायपॉड नको. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत त्याला वेगळी परवानगी लागते.

प्रश्न : चौकातला पुतळा, भिंतीवरचे चित्र, गणपतीची आरास यांचे फोटो चालतील? (वाचक, नाशिक)

उत्तर : कॉपीराइट कायदा 1957, कलम 52 नुसार इमारत आणि सार्वजनिक जागी कायमचा असलेला पुतळा चालतो. भिंतीवरच्या चित्राला किंवा माहितीफलकावरच्या नकाशाला ही सवलत नाही. तिथे चित्रकाराची लेखी परवानगी हवी. उत्सवातली मूर्ती आणि आरास कायमची नसते, म्हणून तीही या सवलतीत बसत नाही. देऊळ, घाट, वेस, जुना वाडा यांचे फोटो बिनधास्त द्या.