घर ट्रकवरून येते. जमीन, पाणी आणि गटार येत नाही

वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत चक्रीवादळ, पूर किंवा वणव्यात घर गेलेल्या कुटुंबांना सरकार कारखान्यात बांधलेली घरे तात्पुरती राहायला देते. ही खरेदी केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था ‘फेमा’ करते. या विषयावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत.

ट्रेलर, मोबाइल होम, मॉड्युलर घर हे सगळे एकच ना? सरकार नेमके काय विकत घेते? (वाचक, ठाणे)

एकच नाही, आणि खरेदीतला पहिला घोळ इथेच होतो. ट्रॅव्हल ट्रेलर हे सुटीत गाडीमागे ओढून न्यायचे वाहन आहे. चार दिवसांच्या सहलीसाठी ते बनवतात, वर्षभराच्या संसारासाठी नव्हे. मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे जुन्या भाषेत मोबाइल होम, हे मात्र घरच आहे. ते कायमच्या लोखंडी चासीवर बांधतात आणि १५ जून १९७६ पासून त्याला केंद्रीय गृहनिर्माण खात्याची (‘हड’ची) बांधकाम संहिता लागू आहे. मॉड्युलर घरही कारखान्यातच बनते, पण त्याला त्या त्या राज्याचे इमारत नियम लागू होतात आणि ते पक्क्या पायावर बसते.

मॅन्युफॅक्चर्ड होम ओळखायचे तर बाहेरच्या भिंतीवर २ इंच बाय ४ इंचाची लाल धातूची पट्टी शोधा. आत स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा वीजबोर्डाजवळ एक तक्ता चिकटवलेला असतो. घर कोणत्या वाऱ्यासाठी, छतावरच्या किती भारासाठी आणि कशा हवामानासाठी बांधले आहे ते त्यावर असते. वाऱ्याचे झोन तीन आहेत. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने अशा घरांची दाणादाण उडवल्यावर १९९४ मध्ये हे निकष कडक झाले. झोन ३ चे घर झोन १ मध्ये चालते, उलटे चालत नाही. त्यामुळे घर उचलण्याआधी हा तक्ता वाचायलाच हवा.

आपत्ती आल्यावर सरकार निविदा काढते का? मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, म्हणून कुतूहल आहे. (वाचक, सोलापूर)

आपत्तीनंतर निविदा काढली तर घर हातात पडेपर्यंत हिवाळा दारात येतो. म्हणून फेमा शांत काळातच उत्पादकांशी करार करून ठेवते. आपला दरकरार तुम्हाला ठाऊकच आहे, हा त्याच जातीचा. नगाचा दर, किमान हमी आणि कमाल मर्यादा ठरलेली असते. किती घरे लागतील ते मोकळे असते. वादळ आले की पुरवठा आदेश निघतो आणि कारखाना ठरलेल्या विनिर्देशाप्रमाणे घर बांधून ठरलेल्या तळावर पोचवतो. जोडीला थोडा तयार साठा असतो. मेरीलँडमधील कंबरलँड आणि अलाबामातील सेल्मा इथे असे तळ राहिले आहेत. मोठा साठा ठेवणे परवडत नाही, कारण रिकामे घर उभ्या उभ्या खराब होते. टायर तडकतात, छताच्या सांध्यातले सीलंट सुटते, आत ओल धरते.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना आले तेव्हा ही शिस्त मोडली. करारांच्या जोडीला विक्रेत्यांच्या आवारात जे उभे होते तेही उचलले गेले. लाखाहून जास्त ट्रेलर घेतले आणि सुमारे २५,००० मॅन्युफॅक्चर्ड घरे. त्या घरांचे बिल सुमारे ८६ कोटी डॉलर, म्हणजे नगामागे ३४ हजारांच्या आसपास. विनिर्देश नीट न लिहिता घेतलेल्या मालाचे काय होते, याचे एक उदाहरण कुलुपांचे. उत्पादकांनी मोजक्याच नमुन्यांची कुलुपे बसवली होती, त्यामुळे एका ट्रेलरची किल्ली दुसऱ्याला लागत असे. ऑगस्ट २००६ मध्ये तब्बल १ लाख १८ हजार ट्रेलरांपर्यंत कुलुपे बदलण्याची वेळ आली. ‘प्रत्येक नगाची किल्ली वेगळी’ ही एक ओळ विनिर्देशात असती तर सगळ्यांना, विशेषतः एकट्या राहणाऱ्या बायकांना, तेवढे महिने धास्तीत काढावे लागले नसते.

आणखी एक गोष्ट. घराची किंमत हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो. घर, वाहतूक व बसवणी, जागेचा विकास, देखभाल आणि शेवटी काढून नेणे अशी पाच निरनिराळी बिले असतात. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी मिसिसिपीतल्या एका वसाहतीचा हिशेब मांडला, तेव्हा २८० चौरस फुटांच्या एका ट्रेलरमागे सुमारे २ लाख २९ हजार डॉलर पडणार असे निघाले. वसाहत लहान असली की रस्ता, जलवाहिनी आणि देखभालीचा पथक-खर्च मोजक्याच दारांवर वाटला जातो. खरेदीच्या टिपणीत या पाचही बिलांची बेरीज आधी मांडली पाहिजे. नुसता नगाचा दर दाखवणारी टिपणी मंजूर करणाऱ्याची दिशाभूल करते.

हजारो घरे घेऊन ती विमानतळावर पडून राहिली, असे ऐकले. असे कसे होऊ शकते? (वाचक, सांगली)

खरे आहे. कतरिनानंतर आर्कान्सामधील होप गावच्या विमानतळावर सुमारे १०,००० घरे उभी होती. कारण सांगलीकरांना लगेच कळेल. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा असते. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. अमेरिकेतही १०० वर्षांच्या पुराचेच क्षेत्र आखलेले असते आणि अशी घरे तिथे ठेवण्यावर फेमाच्याच नियमांनी कडक बंधने आहेत. नदीच्या मुख्य प्रवाहमार्गात आणि लाटांचा मारा होणाऱ्या किनाऱ्यावर तर ती ठेवताच येत नाहीत. लुईझियाना आणि मिसिसिपीत ज्यांची घरे गेली, त्यांतल्या अनेकांचे भूखंड नेमके याच पट्ट्यात होते. ट्रेलरला चाके असल्याने तो हलवता येतो, म्हणून लोकांच्या अंगणात ट्रेलर गेले आणि मोठी घरे मात्र अडकली.

नियम योग्यच होता. पुरातून वाचलेल्या माणसाला पुन्हा पुराच्या वाटेवर झोपवायचे नसते. चुकले ते असे की खरेदीचा आकडा ठरवताना पूररेषेबाहेर किती जागा उपलब्ध आहे ते कोणी मोजले नाही. आधी भूखंडांची यादी, मग घरांची मागणी, हाच क्रम हवा.

घर जागेवर आल्यावर काय काय करावे लागते आणि कुठे चुकते? (स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड)

साधारण १४ फूट रुंद, ६० फूट लांब घर धरा. अमेरिकी महामार्गावर विनापरवाना ८ फूट ६ इंच रुंदी चालते, म्हणजे हे घर ओव्हरसाइज. त्यासाठी परवाना आणि ठरावीक वेळीच वाहतूक आली, बऱ्याचदा सोबतीला गाडीही लागते. मार्ग ठरवणाऱ्याने शेवटच्या अर्ध्या मैलात पायी फिरावे. झाडाची फांदी, खाली लोंबलेली वीजतार, अरुंद मोरी, काटकोनात वळणारी गल्ली यांपैकी एकानेही घर परत पाठवावे लागते.

मग जमीन. घराखाली पाणी साचता कामा नये, म्हणून पहिल्या १० फुटांत फुटामागे अर्धा इंच उतार घरापासून दूर द्यायचा. मऊ भरावावर घर ठेवू नये. पहिल्या पावसात ठोकळे खचतात. जमिनीवर ६ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे प्लास्टिक अंथरतात, नाहीतर जमिनीतली वाफ फरशीखालच्या लाकडात शिरते. चासीच्या दोन लोखंडी तुळयांखाली काँक्रीटच्या ब्लॉकचे खांब उभारतात. टोकापासून २ फुटांवर पहिला आणि पुढे ८ फुटांवर एकेक धरला तर एका तुळईखाली ८, दोन्ही मिळून १६. नेमके अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यायचे, अंदाजाने नाही. तुळई जमिनीपासून किमान १२ इंच वर असावी. पाणसळ लावून, पाचरी ठोकून घर समतल करतात. दार अडकायला लागले किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तडा गेला, तर दारावर रंधा मारू नका. खालचा खांब खचलेला असतो. काही महिन्यांनी पुन्हा पातळी तपासणे देखभालीच्या करारात लिहिलेलेच असावे.

जमिनीत स्क्रूसारखे अँकर घालून पोलादी पट्ट्यांनी चासी बांधतात. वाऱ्याचा झोन वाढला की अँकर जवळ येतात. थंड प्रदेशात जमीन जिथवर गोठते त्या खोलीच्या खाली खांबांचा पाया जायला हवा, नाहीतर हिवाळ्यात माती फुगून खांब उचलले जातात. घर आणि जमीन यांमधली मोकळी जागा झाकणाऱ्या भोवतालच्या झालरीला हवेसाठी जाळ्या हव्यात: १५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट, म्हणजे ८४० चौरस फुटांच्या घराला सुमारे साडेपाच.

सांडपाण्याच्या नळाला फुटामागे पाव इंच उतार लागतो. मुख्य गटार ६० फुटांवर असेल तर १५ इंच घसरण मिळाली पाहिजे. ती मिळत नसेल तर पंप आला, आणि वीज गेली की तुंबणेही. डोंगराळ भागात मुख्य अडचण असते सेप्टिक टँकची: टँक वाहून गेला असेल, तर नवा बसवून आरोग्य खात्याची मंजुरी मिळेपर्यंत घर बसूनही कुटुंबाला आत जाता येत नाही. पाण्याचा दाब ८० पीएसआयपेक्षा (दर चौरस इंचावर ८० पौंडांपेक्षा) जास्त असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. विजेचा जोड चार तारांचा असतो: दोन फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. घराच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडणे ही नेहमीची आणि जीवघेणी चूक आहे. चासी पोलादाची असल्याने पूर्ण घरात करंट उतरू शकतो. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा उतार १:१२ असावा. दार जमिनीपासून ३ फूट वर असेल तर ३६ फूट रॅम्प लागतो, शिवाय मध्ये सपाट टप्पे. तेवढी जागा भूखंडावर आहे का, हे पाहणीच्याच दिवशी मोजा.

या ट्रेलरांतल्या विषारी वायूचे प्रकरण काय होते? जुना ट्रेलर घ्यावा का? (वाचक, नाशिक, मुलगी टेक्ससमध्ये)

तो वायू फॉर्माल्डिहाइड. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि प्लायवूड चिकटवणाऱ्या रेझिनमधून तो सुटतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त. हडच्या संहितेत या लाकडासाठी मर्यादा होती, पण ती मॅन्युफॅक्चर्ड घरांना लागू होती, ट्रॅव्हल ट्रेलर तिच्या बाहेर होते. डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ या काळात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने कतरिनानंतर फेमाने दिलेली ५१९ घरे-ट्रेलर तपासली. सरासरी ७७ पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत ७७ भाग) आली आणि काही ठिकाणी ५९० पर्यंत मोजमाप गेले, तेही ऐन थंडीत. २०१० मध्ये अशा लाकडासाठी देशभर लागू होणारा कायदा झाला.

ते ट्रेलर पुढे लिलावात विकले गेले, ‘राहण्यासाठी वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून. चिठ्ठी निघते, ट्रेलर राहतो. म्हणून जुना ट्रेलर घेताना निर्मितीचे वर्ष पाहा आणि कतरिनाच्या काळातला असेल तर राहण्यासाठी घेऊ नका. नव्या घरातही पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा. डोळे चुरचुरणे, घसा धरणे, मुलांना दम लागणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना घराविषयी आवर्जून सांगा.

आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत. पुरात घर गेले तर असे घर मिळेल का? (वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

तुमच्या नावावर नाही. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावरची व्यक्ती या मदतीला पात्र नसते, ग्रीनकार्डधारक असतो. पण तुमचे अल्पवयीन मूल अमेरिकी नागरिक असेल, तुमच्याबरोबर राहत असेल आणि त्याला सोशल सिक्युरिटी क्रमांक असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही अर्ज करू शकता. ही गोष्ट अनेक मराठी कुटुंबांना माहीत नसते, त्यामुळे ती अर्जच करत नाहीत. निवारा, अन्न, पाणी ही तातडीची मदत सर्वांना मिळते.

आधी विमा कंपनीकडे दावा दाखल करा आणि तिचे पत्र जपून ठेवा. अर्जाची मुदत साधारणपणे आपत्ती जाहीर झाल्यापासून ६० दिवस असते. घर मात्र मागून मिळत नाही. राज्याने विनंती करावी लागते आणि भाड्याची घरे खरोखर अपुरी असावी लागतात. मुदत १८ महिने, आणि ती तुम्ही राहायला गेल्यापासून नाही, आपत्ती जाहीर झाल्यापासून मोजतात. मुदतवाढ मिळाली तर भाडे लागू शकते. राहणाऱ्यालाच घर विकण्याची तरतूद आहे, पण आपत्तीचा आणि पुराचा विमा उतरवणे बंधनकारक असते.

आपल्याकडे कंटेनर वापरतात. ते घेताना काय पाहावे? (ग्रामपंचायत सदस्य, रायगड)

१९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यावर वाचलेल्या कुटुंबांना चौकजवळ कंटेनरमध्येच ठेवले होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले. तापलेल्या पत्र्याखाली तान्हे मूल घेऊन बसणे काय असते, ते लातूर-धाराशिवच्या माणसांना सांगावे लागत नाही.

२० फुटी कंटेनर बाहेरून २० बाय ८ फूट, म्हणजे १६० चौरस फूट. पाच माणसांच्या कुटुंबाला एक पुरत नाही, दोन मागा. भिंतीत आणि छतात उष्णतारोधक थर असल्याचे विनिर्देशात जाडीसह लिहून घ्या. समोरासमोर दोन खिडक्या हव्यात. कोकणात छतावर सपाट पत्र्याऐवजी उतरते दुसरे छप्पर द्या, त्याने पाऊसही अडतो आणि ऊनही. प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून चाचणीचा दाखला घ्या. ओल्या पायांनी आत येणाऱ्या मुलांसाठी हे सर्वांत महत्त्वाचे आहे. शौचालय किती पावलांवर आहे आणि वाटेवर दिवा आहे का, हे रात्री नऊनंतर स्वतः जाऊन पाहा. बिलावर सही त्यानंतरच करा.