बागेतले तळे, कबुतराची जाळी आणि पायी येणारा वंचक

प्रश्न : आमच्या चिपळूणच्या घराच्या परसात १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि अडीच फूट खोल असे सिमेंटचे तळे आहे. त्यात कुमुदिनीच्या दोन कुंड्या, गप्पी मासे आणि १४ गोल्डफिश होते. दिवाळीनंतर तीन आठवड्यांत त्यांतले ९ गोल्डफिश नाहीसे झाले. पहाटे काठावर एक मातकट रंगाचा पक्षी मान आखडून बसलेला दिसतो. हाकलला की तोच पक्षी पांढराशुभ्र होऊन उडतो. मुलाने बाल्कनीला लावून उरलेली कबुतराची जाळी तळ्यावर पसरली आणि कडेला विटा ठेवल्या. परंतु चौथ्याच दिवशी तिच्यात एक दिवड अडकली. ती सर्पमित्रांनी सोडवली. जाळी काढून टाकावी, की ती लावण्याची काही योग्य रीत आहे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या तळ्यावर येणारा पक्षी वंचक आहे, काही भागांत त्याला ढोकरी म्हणतात. बसलेला असताना तो चिखलाच्या रंगात मिसळून जातो आणि पंख उघडले की आतला पांढरा रंग दिसतो, हे आपले निरीक्षण अचूक आहे. त्याची शिकार करण्याची पद्धत लक्षात घेतली तर जाळीचे निम्मे गणित सुटते. खंड्या वरून सूर मारतो; वंचक मात्र जवळपास उतरून चालत काठाशी येतो, दगडासारखा स्थिर राहतो आणि मासा टप्प्यात आला की मान सोडतो. म्हणजे तळ्याचे छप्पर जितके महत्त्वाचे, तितकाच, किंबहुना थोडा अधिक, त्याचा काठ महत्त्वाचा आहे. बहुतेक जण नेमके उलटे करतात. मधोमध जाळी असते आणि कडेला वीतभर फट उघडी राहते.

कबुतराची जाळी या कामासाठी नव्हे. तिचे आस, म्हणजे विणीतली भोके, बहुधा ५० मिलिमीटरचे, म्हणजे दोन इंचांचे असतात. त्यातून वंचकाची चोच आणि मान सहज आत जाते, आणि लहान खंड्यालाही ती फारसा अडथळा करत नाही. त्याहून वाईट म्हणजे सैल पडलेल्या बारीक दोऱ्याच्या जाळीत साप डोके घालतो, पुढे सरकतो आणि खवल्यांमुळे त्याला मागे येता येत नाही. दिवड बिनविषारी असते, बेडूक आणि मासे खाते. तिचे तळ्याकडे येणे अगदी स्वाभाविक आहे. आपण सर्पमित्रांना बोलावले ते योग्यच केले. पुन्हा असे घडल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावरही कळवता येते. वंचकाला पकडणे किंवा इजा करणे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हे मुलालाही सांगून ठेवावे.

जाळी निवडताना एकच कसोटी पुरते : करंगळी आरपार जाता कामा नये. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांवरच्या जाळीसाठी १ सप्टेंबर २०२१ पासून हाच दंडक आहे. ताणलेल्या अवस्थेत आस ५ मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही, कारण मोठ्या आसात वटवाघळे, पक्षी आणि साप अडकतात. आपल्याकडे शेतीच्या दुकानात कीटकरोधक जाळी म्हणून पांढरी, उन्हात लवकर न कुजणारी विणलेली जाळी मिळते, ती घ्यावी. हिरवी शेडनेट बाराही महिने ठेवू नये. कुमुदिनीला फुलायला रोज पाच-सहा तासांचे ऊन लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती अर्ध्या तळ्यावर सावली केली तर मात्र माशांना बरे वाटते, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात.

आता बांधणी. जाळी विटांनी दाबून जमिनीवर पसरू नये. तिच्यासाठी चौकट करून घ्यावी. आपल्या तळ्यासाठी ती १२ फूट बाय ८ फूट असावी, म्हणजे प्रत्येक बाजूला काठाबाहेर एक फूट येईल. एवढी मोठी एकसंध चौकट उचलता येत नाही, म्हणून फॅब्रिकेटरकडून पाऊण इंची स्क्वेअर पाइपच्या ६ बाय ८ फुटांच्या दोन चौकटी कराव्यात, प्रत्येकीला मधून एक आडवी पट्टी द्यावी आणि गंजरोधक रंग पूर्ण वाळल्यावरच त्या तळ्यावर आणाव्यात. जाळी आधी समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर बांधावी, मग कोपऱ्यांकडे ताणत जावे आणि शेवटी नायलॉनच्या दोरीने पाइपाला वेढे देत सगळी कड शिवून काढावी. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मध्यभागी झोळ पडतो आणि तो नंतर कधीच निघत नाही. तळवा मध्यावर दाबून पाहावा. जाळी दोन-तीन इंचांहून अधिक खाली गेली तर शिवण उसवून पुन्हा ताणावी.

चौकट पाण्यापासून निदान एक फूट वर राहिली पाहिजे. माझ्या पहिल्या जाळीला हे अंतर नव्हते. रात्रभर पाऊस लागला, ओल्या पानांच्या भाराने जाळी मधोमध पाण्याला टेकली, आणि सकाळी वंचक त्याच खोलगट जागी उभा राहून, जणू खास त्याच्यासाठीच मचाण बांधले असावे तसा, जाळीतून चोच घालत होता. पावसाळ्यात पाणी चढते, हे मोजमाप घेताना धरावे. तळ्याला वरचे पाणी वाहून जाण्याची नळी नसेल तर आधी ती बसवावी.

चौकटीला पाय असे द्यावेत की तिची बाहेरची कड जमिनीपासून दोन इंच वर राहील. तळ्याचा कठडा उंच असेल तर चारी बाजूंनी जाळीची झालर सोडून तिची खालची कडही पाइपाला ताणून बांधावी. त्या दोन इंचांतून बेडूक आणि दिवड दोघेही ये-जा करतील. दिवड एखादा मासा नेईलही, तो तिचा वाटा समजावा. वंचक मात्र त्यातून आत येऊ शकत नाही, आणि फूटभर बाहेर उभे राहून खालच्या पाण्यापर्यंत त्याची मान पोहोचत नाही. तळाशी सहा इंची पाइपाचे दोन तुकडे आडवे टाकले तर उरलेल्या पाच माशांना लपायला जागा होईल. सध्या ते घाबरलेले असणार. प्लास्टिकचा बगळा उभा करण्याच्या फंदात पडू नये, चार दिवसांत वंचक त्याच्या शेजारीच उभा दिसेल. देशी बदामाची पानगळ सुरू झाली की जाळीवरची पाने दर दोन दिवसांनी केरसुणीने ओढून काढावीत.

प्रश्न : आमचा नातू दोन वर्षांचा आहे. अशी जाळी लावल्यास तळे त्याच्यासाठी सुरक्षित होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कापडी किंवा नायलॉनची जाळी मुलाच्या वजनाने वाकते आणि मूल तिच्यात गुरफटण्याचा धोका उलट वाढतो. प्रौढ माणूस उभा राहिला तरी न वाकणारी लोखंडी वेल्डमेश (जाड तारा एकमेकींना जोडून केलेली कडक जाळी), खाली आडवे अँगल देऊन, काठाला कुलपाने जखडावी. ते होईपर्यंत मासे टबात हलवून तळे रिकामे ठेवावे.