विज्ञान, आरोग्य आणि धर्म: चिकित्सक नजरेनं काय वाचावं, काय ऐकावं?

तुमचा प्रश्न असा आहे, की या तीन विषयांवर विश्वासानं वाचावं-ऐकावं असं कोण आहे आणि सुरुवात कुठून करावी. मी बरीच वर्षं हेच वाचत आले आहे. त्यातलं मला खरोखर उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

सुरुवात एका शाळकरी मुलीच्या प्रयोगापासून करा. तिचं नाव एमिली रोझा. ‘थेरप्युटिक टच’ नावाची एक उपचारपद्धत आहे. रुग्णाला हात न लावता अंगावरून नुसते हात फिरवायचे आणि त्याची ‘ऊर्जा’ ताळ्यावर आणायची. ही ऊर्जा आपल्या तळहातांना जाणवते, असं उपचार करणारे सांगत. नऊ वर्षांच्या एमिलीनं पुठ्ठ्याचा आडोसा केला, त्याला भोकं पाडली. समोरच्या उपचारकानं दोन्ही हात त्यातून पलीकडे काढायचे, तळवे वर. एमिली नाणं उडवून डावा की उजवा ते ठरवायची, त्या तळव्यावर आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर आपला हात धरायची आणि विचारायची, कुठल्या हातावर आहे? २१ उपचारक, २८० प्रयत्न, बरोबर उत्तरं ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज ठोकला असता तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये हा शोधनिबंध ‘जामा’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तो जरूर शोधून वाचा. एखादा दावा तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे इतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठं दिसलं नाही.

आरोग्यासाठी एकच नाव घ्यायचं तर कॉक्रेन. १९९३ मध्ये सुरू झालेली ही संस्था एका प्रश्नावर झालेल्या उपचारांच्या चाचण्या गोळा करते, त्यांतल्या कच्च्या किती आणि पक्क्या किती ते पाहते आणि सगळ्यांचा मिळून निष्कर्ष मांडते. सोबत साध्या भाषेतला सारांशही असतो. सर्दीची चाहूल लागली की मी व्हिटॅमिन सी घ्यायचे. २०१३ चा त्यांचा आढावा वाचला तेव्हा कळलं, की सर्वसाधारण माणसानं ते रोज घेतलं तरी सर्दी व्हायची टळत नाही. दुखणं प्रौढांमध्ये सरासरी आठ टक्क्यांनी लवकर आटोपतं, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस. आणि सर्दी झाल्यावर घेतलं तर ठोस असा काहीच फरक दिसत नाही. मात्र मॅरेथॉन धावणारे आणि कडक थंडीत कवायत करणारे सैनिक, यांच्यात सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. हा अपवाद त्यांनी झाकून ठेवला नाही, म्हणून माझा त्यांच्यावर भरवसा बसला.

विज्ञानाच्या बातम्या वाचताना ‘रिट्रॅक्शन वॉच’ ही वेबसाइट हाताशी असू द्या. मागे घेतलेल्या शोधनिबंधांची ते नोंद ठेवतात. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध १९९८ चा. त्यात मुलं होती अवघी १२. तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत भीती घरोघरी पोचली होती. ऐकायचं असेल तर ‘द स्केप्टिक्स गाइड टू द युनिव्हर्स’ हा पॉडकास्ट २००५ पासून चालू आहे. त्यात विज्ञानाच्या तीन बातम्यांतली खोटी कुठली ते ओळखायचं असतं. त्यातले जाणकारही बऱ्याचदा चुकतात आणि आपलं कुठं चुकलं ते तिथंच बोलून दाखवतात.

धर्माच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे. श्रद्धाळूंची टर उडवणारे चॅनेल मी सोडून दिले. त्यातून मला नवं काही कळत नव्हतं. त्याऐवजी बार्ट एरमन वाचा. ते एके काळचे कट्टर ख्रिस्ती, आता श्रद्धा न उरलेले आणि नव्या कराराच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूनंतरच्या भागाच्या, हस्तलिखितांचे अभ्यासक. येशू नावाचा माणूस झालाच नाही असं म्हणणाऱ्यांनाही ते पुराव्यानिशी खोडून काढतात. म्हणजे आपल्याच बाजूच्या लोकांना आवडेल तेवढंच बोलायचं, असं त्यांचं नाही.

त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट सांगते. मार्कचं शुभवर्तमान म्हणजे नव्या करारातलं येशूच्या आयुष्यावरचं एक पुस्तक. त्याची शेवटची बारा वचनं सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. ‘श्रद्धावान साप हातात धरतील’ हे वचन त्याच बारांत आहे. त्यावर विसंबून काही पंथांतले लोक प्रार्थनासभेत विषारी साप हाताळतात आणि त्यात माणसं दगावली आहेत. त्या दोनांपैकी ‘कोडेक्स सिनायटिकस’ची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतात. ग्रीक येत नसलं तरी मार्कचा शेवट उघडून पाहा. शेवटच्या, सोळाव्या अध्यायातल्या आठव्या वचनानंतर स्तंभाचा उरलेला भाग कोरा आहे आणि पुढच्या स्तंभात लूकचं शुभवर्तमान सुरू होतं.