एवढ्या मोठ्या माणसापुढे माझं कोण ऐकणार?

माझ्याकडे समुपदेशनाला आली, त्या पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं ती तिच्या गाण्याच्या गुरुजींचं कौतुकच करत होती. गुरुजींनी किती गरीब मुलांना फुकट शिकवलं, त्यांच्या घरी कोण कोण मोठी माणसं जेवून गेली, एका पुरस्काराची रक्कम त्यांनी जशीच्या तशी शाळेला कशी देऊन टाकली. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. वेळ संपत आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तरी पण..." आणि उठलीच. त्या वाक्याचा उरलेला भाग तिसऱ्या भेटीत आला.

तिला इथे मीनल म्हणते. नाव, गाव, घरातले तपशील बदलले आहेत आणि हा मजकूर वाचून तिने होकार दिला आहे. वय सदतीस, नोकरी चांगली, एक मुलगी. तक्रार होती झोपेची. दोन महिने रात्री तीनला जाग यायची, ती यायचीच. सुरुवात कुठून झाली हे तिला नेमकं माहीत होतं. माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निमंत्रण आलं होतं: गुरुजींना जीवनगौरव. वडिलांनी खाली हात जोडल्याची तीन चित्रं टाकली होती. दुसऱ्या दिवशी आयोजकांचा फोन आला, "तुम्ही जुन्या शिष्या, ईशस्तवन तुम्हीच गायचं." ती "हो" म्हणाली. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

२००५ साली ती सतरा वर्षांची होती, बारावीत. माडीवरच्या खोलीत शिकवणी असायची. त्या दिवशी बाकीच्या मुली आल्या नव्हत्या. श्वास कुठून घ्यायचा हे दाखवायला म्हणून पोटावर हात ठेवला गेला आणि मग तो तिथे राहिला नाही. "मांडीशी तंबोरा होता मॅडम. मी उठले असते तर तो पडला असता. भोपळा फुटला असता. म्हणून मी बसून राहिले." हे सांगून तिने मला विचारलं, "सोडून उठता आलं असतं ना मला?"

वीस वर्षं ती स्वतःला हाच प्रश्न विचारत होती. मी तिला सांगितलं की एवढ्या भीतीत शरीर पळत नाही, लढतही नाही, थिजतं. ते तिने ठरवून केलं नव्हतं आणि थिजणं म्हणजे संमती नव्हे. तिने मान डोलावली, पण पटलेलं दिसत नव्हतं. अशी गोष्ट एका सांगण्यात पटत नाही. आम्ही त्या तंबोऱ्याकडे पुढच्या भेटींत पुन्हा पुन्हा परत आलो.

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी हे लिहायला बसले आहे. "आणि सांगितलं असतं तरी, एवढ्या मोठ्या माणसापुढे माझं कोण ऐकणार होतं?"

हे वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकते आहे. क्लासचे सर, हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, पक्षाचे नेते, संस्थेचे अध्यक्ष, कीर्तनकार. माणूस बदलतो, वाक्य तेच. त्याचा मोठेपणा तालुक्यापुरता असला तरी पुरतो, कारण सोसणारीचं सगळं जगही त्याच तालुक्यात असतं. तेव्हा मी "असं काही नसतं, सत्य बाहेर येतंच" असं म्हणत नाही. ते खरं नाही आणि समोर बसलेल्या बाईला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मीनलला मी रुचिका गिरहोत्राची गोष्ट सांगितली. १९९०, हरियाणातलं पंचकुला. चौदा वर्षांची मुलगी, टेनिस खेळणारी. राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता एस. पी. एस. राठोड, पोलीस महानिरीक्षक. त्याने तिचा विनयभंग केला. पोलीस महासंचालकांच्या चौकशीत तिच्या तक्रारीत तथ्य असल्याचं आणि गुन्हा नोंदवायला हवा असल्याचं पुढे आलं. गुन्हा नोंदवला गेला नाही. उलट रुचिकाला शाळेतून काढलं, कारण दिलं फी थकल्याचं. तिच्या भावावर गाड्या चोरल्याचे गुन्हे लागले. डिसेंबर १९९३ मध्ये तिने विष घेतलं. राठोड पुढे राज्याचा पोलीस महासंचालक झाला. शिक्षा झाली ती २१ डिसेंबर २००९ ला: सहा महिने आणि हजार रुपये दंड. वरच्या न्यायालयाने ती दीड वर्षावर नेली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून, भोगली तेवढी शिक्षा पुरे असं म्हटलं.

मीनल ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "हे तुम्ही मला धीर द्यायला सांगताय?"

धीर द्यायला नाही. या गोष्टीतली शाळा नीट बघ, म्हटलं. शाळेने त्या मुलीला हात लावला नव्हता. गाडीचोरीच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या हवालदारानेही लावला नव्हता. बढतीच्या कागदावर सही करणारे कोणी तिला ओळखतही नसतील. पण यातल्या प्रत्येकाचं काही ना काही त्या माणसापाशी अडकलेलं होतं आणि प्रत्येकाने आपापल्या जागी थोडं थोडं झाकलं. आपण म्हणतो, तो वजनदार माणूस. त्याचं ते वजन असे पन्नास जण मिळून पेलत असतात. आयोजकांना कार्यक्रमाला नाव हवं, शिष्यांना "अमुकांकडे शिकलो" हे सांगायचं, गावाला आपला एक माणूस मोठा झाल्याचा अभिमान. सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी. कोणी कट करावा लागत नाही.

आणि त्या पन्नासांत सोसणारीलाही ओढलं जातं. मीनलचं गाणं, तिची सुरुवातीची बक्षिसं, वडिलांचा गावातला मान, सगळ्यावर त्यांचं नाव. ते वाईट ठरले तर माझं काय उरलं, हा तिचा मनातला प्रश्न होता. म्हणून ती माझ्यासमोर चाळीस मिनिटं त्यांची बाजू मांडत होती.

"पण त्यांनी खरंच गरीब मुलांना शिकवलंय," ती म्हणाली. शिकवलं असेल. ब्रिटनमध्ये जिमी सॅव्हिल नावाचा दूरदर्शनवरचा निवेदक होता. रुग्णालयांसाठी त्याने लाखो पौंड गोळा केले, १९९० मध्ये त्याला सरदारकी मिळाली. त्याच रुग्णालयांत त्याला कुठेही फिरायची मुभा होती आणि तिथल्या रुग्णांवर, मुलांवर त्याने अत्याचार केले. हे सगळ्या जगापुढे आलं २०१२ मध्ये, तो मेल्यानंतर वर्षभराने. त्याचं दानधर्म खोटं नव्हतं. त्या दानधर्मामुळेच दारं उघडत होती. एकाच माणसाने दोन्ही केलं असू शकतं, हे मान्य करायला मीनलला दोन भेटी लागल्या. मला स्वतःला या व्यवसायात त्याहून बराच जास्त वेळ लागला होता.

रुचिकाच्या गोष्टीत आणखी एक नाव आहे. आराधना, तिची मैत्रीण, त्या दिवशीची साक्षीदार. आराधना आणि तिचे आईवडील, आनंद आणि मधू प्रकाश, यांनी एकोणीस वर्षं खटला सोडला नाही. त्यांची स्वतःची मुलगी सुखरूप होती. सोडून देता आलं असतं. आसाराम २०१८ मध्ये जोधपूरला जन्मठेपेला गेला तेव्हाही एक सोळा वर्षांची मुलगी आणि तिचे आईवडील होते, जे आधी त्याचेच भक्त होते. खटला चालू असताना साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले, तरी ते घर हललं नाही. राम रहीमविरुद्धचं निनावी पत्र २००२ चं. ते छापणाऱ्या रामचंद्र छत्रपती या पत्रकाराला त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या. पत्रातल्या आरोपांवर राम रहीमला शिक्षा झाली २०१७ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षांनी. इतकी किंमत कोणी मोजावी असं मी कुणालाही सांगणार नाही. पण जिथे जिथे काही हललं, तिथे आधी एक तरी माणूस असा होता ज्याने मोठ्या माणसाचं वजन पेलायला नकार दिला.

"तुझ्याकडे असं कोण आहे?" मी विचारलं. ती बराच वेळ विचार करत राहिली.

मधल्या काळात काही व्यवहाराची कामं केली. बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे फार थोड्या जणींना माहीत असतं. वकीलबाईंनी तिला सरळ सांगितलं की २००५ मधल्या विनयभंगाच्या कलमाला तेव्हा जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, तक्रारीची मुदत तीन वर्षांची, ती कधीच उलटली. न्यायालय उशीर माफ करू शकतं, पण वीस वर्षांनी त्याची आशा धरू नका. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला अशी मुदत नसते, हेही त्यांनी समजावलं. मीनलला वाटलं होतं तसं ऐकून ती कोसळली नाही. "निदान मला कळलं," म्हणाली.

"अब्रुनुकसानीचा दावा लावतील का?" हा तिचा पुढचा प्रश्न. लावू शकतात. प्रिया रमाणी या पत्रकारावर माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी लावला होता. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी यांना निर्दोष सोडलं आणि स्त्री आपलं गाऱ्हाणं अनेक दशकांनंतरही मांडू शकते, असं स्पष्ट म्हटलं. मात्र तोवर अडीच वर्षांच्या आसपास तारखा चालल्या. दोन्ही गोष्टी तिला सांगितल्या.

ईशस्तवनाला नकार कसा द्यायचा, यावर आम्ही अख्खी एक भेट घालवली. तिने घसा बसल्याचं, मुलीच्या परीक्षेचं, ऑफिसचं, अशी सहा कारणं लिहून आणली होती. सगळी खोडली. शेवटी निरोप गेला तो एवढाच: "मी गाणार नाही. कृपया पुन्हा विचारू नका." पाठवल्यावर तिचा हात थरथरत होता. त्या रात्री ती सकाळपर्यंत झोपली.

पाचव्या भेटीत तिने सहज सांगितलं की गुरुजी आता उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलींचा संस्कार वर्ग घेतात, त्याच माडीवर. मी पेन खाली ठेवलं. पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला सांगते, तिलाही सांगितलं होतं: इथलं बोलणं इथेच राहतं, पण एखाद्या लहान मुलावर अत्याचार होतोय किंवा होईल अशी भीती असेल, तर पोक्सो कायद्याने ते कळवणं मला भाग आहे. आणि फक्त मला नाही, ज्याला कळेल त्या प्रत्येकाला. तिला ते आठवत होतं. मला वाटतं, म्हणूनच ते "सहज" आलं होतं.

विशेष बाल पोलीस पथकाला पत्र लिहायचं ठरलं. नाव घालायचं का, यावर ती आठवडाभर अडली. तिची एकटीची वीस वर्षांपूर्वीची गोष्ट कोण धरणार? आणखी कोणी होतं का, तिला माहीत नव्हतं.

मग ती आईशी बोलली. अडुसष्ट वर्षांच्या बाई, कधी माझ्याकडे येतील असं मला वाटलं नव्हतं. मुलीबरोबर आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. तेव्हा मला नवीन काहीतरी कळलं. २००५ च्या त्या दिवसानंतर महिन्याभरात आई शिकवणीला येऊन बसायला लागली होती. कोपऱ्यात बसून वाती वळायची. मीनलला वाटायचं, आईला गाण्याची गोडी लागली.

"मला काही सांगितलं नव्हतंस तू," आई म्हणाली. "पण त्या रात्री तू जेवताना ताटाकडे बघत होतीस. मला कळलं. मी म्हटलं, बोलले तर हिचंच गाणं बंद होईल, हिच्या लग्नात अडेल. गप्प बसून राहीन तिथे. माझ्यासमोर काय करणार आहेत."

मीनल रडली आणि मग चिडली. "आणि बाकीच्या मुली, आई? त्यांच्या आया नव्हत्या येत."

आई काही बोलली नाही. मी मध्ये पडले नाही. ही जखम आणि ही माया एकाच बाईने दिलेली होती आणि ते त्या दोघींना समोरासमोर बसून बघायचं होतं. वडिलांना आईने अजून सांगितलं नव्हतं. दिवाणखान्यात त्यांचा आणि गुरुजींचा फोटो अजून आहे, असं मीनल म्हणाली.

पुढच्या मंगळवारी आई एकटीच आल्या. पिशवीतून कालनिर्णयचं एक जुनं पान काढलं आणि उलटं करून माझ्या टेबलावर ठेवलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने सात नावं लिहिली होती, मुलींची, माहेरच्या आडनावांसह. समोर वर्षं. काहींपुढे प्रश्नचिन्ह.

"या मधेच शिकवणी सोडून गेल्या," त्या म्हणाल्या. "मी कोपऱ्यात बसायची ना, मला लक्षात आहे कोण कधी यायची बंद झाली. तिघींच्या आया अजून गावातच आहेत. भिशीला भेटतात." पदराने चष्मा पुसला. "मुलीला नको फोन करायला लावू. पहिला फोन मी करते."