धारातीर्थी पडलेल्या जवानांचे स्मरण करताना स्वतःच्या घरातील सुखाची खंत वाटावी का?

सीमेवर जवान प्राण देत असताना आपण घरात सणवार आणि वाढदिवस साजरे करतो, याची मनाला टोचणी लागते, असे आपण लिहिले आहे आणि ही टोचणी योग्य आहे का, असे विचारले आहे. मी सातारा जिल्ह्यात राहतो आणि माझ्या भावकीतही फौजी आहेत, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मनापासून द्यावेसे वाटते. आपली भावना प्रामाणिक आहे, परंतु घरातील आनंद आखडता घेतल्याने जवानाचा मान वाढतो, असे मला वाटत नाही.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एकाच गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभे राहिले. एवढ्या घरांवर आघात होऊनही गावाने पेरण्या केल्या, मुलामुलींची लग्ने लावली, आणि त्याच घरांतून पुढच्या पिढ्यांचे जवान सैन्यात गेले. स्मरण आणि संसार तेथे एकाच अंगणात नांदत आले आहेत.

शिवाय, जवानाचे मन कशात गुंतलेले असते, हे त्याच्या रजेच्या अर्जावरून कळते. बेंदूर, गावची यात्रा, बहिणीचे लग्न, सुगी यांचा मेळ घालून तो सुट्टी मागतो. फोनवर बोलतो तेव्हा म्हैस व्यायली का, विहिरीला पाणी किती आहे, मुलाची परीक्षा कशी झाली, हेच विचारतो. ज्या साध्या घरगुती दिवसांची तो महिनोन्महिने वाट पाहतो, तेच दिवस आपल्याला सहज मिळाले म्हणून अपराधी वाटून घेण्यापेक्षा ते मन लावून जगावेत, असे मला वाटते.

मात्र, आपल्या टोचणीला एक खरी जागा आहे आणि ती जवानाच्या घरात आहे. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक यांना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधील कुपवाड्यात वीरमरण आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक खडतर प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये सैन्यात अधिकारी झाल्या. त्यांचे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. परंतु बहुतेक वीरपत्नींच्या वाट्याला गणवेश येत नाही. त्यांच्या वाट्याला सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, मुलांच्या शाळा, पेन्शनच्या कागदपत्रांसाठीचे हेलपाटे आणि वाट्याने दिलेली शेती येते. १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन ज्या माउलीचा सत्कार होतो, तिलाच संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बोलावणे जात नाही, हे मी पाहिले आहे आणि ते मला फार लागते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. आपल्या गावात असा ठराव झालेला असो वा नसो, आपल्या घरच्या हळदी-कुंकवाचे पहिले बोलावणे तिला देण्यापासून आपल्याला कोण अडवणार आहे?

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला निधी अवश्य द्यावा. तो माजी सैनिकांच्या आणि वीरांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी वापरला जातो. पण त्यावर थांबू नये. आपल्याकडे ज्या घरात दुःख झाले आहे, तेथे पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही आणि भावकी-शेजारी फराळाचे डबे पोहोचवतात. वीरगती मिळालेल्या जवानाच्या घरी मात्र हा शेजारधर्म एका वर्षावर संपू देऊ नये. आपल्या मुलांना बरोबर न्यावे, तासभर बसावे, आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलण्यास कचरू नये. तो शाळेत कसा होता, यात्रेत काय करायचा, हे त्याच्या आईला सांगायचे असते आणि ऐकणारे फार थोडे असतात. तेथून घरी आल्यावर आपली दिवाळी निःशंक मनाने साजरी करावी.