बदलापूरला घर घेताय? आधी जुलैत जाऊन या

भाडं परवडतंय म्हणून लगेच डिपॉझिट देऊ नका. बारा वर्षं बदलापुरात राहतोय, म्हणून कळकळीने सांगतो, जागा भर पावसात बघा. तळमजल्याच्या भिंतीवर हात फिरवा. ओल असेल तर रंगाचे पोपडे हातात येतात. उल्हास नदीजवळची इमारत असेल तर शेजाऱ्यांना विचारा, 2019 च्या पुरात पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं होतं. त्याच जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती. नळाला पाणी किती वेळ येतं, टँकरचे पैसे कोण भरतं, तेही विचारा. कर्जत आणखी स्वस्त पडेल, पण तिथे लोकल कमी. रात्रपाळी असेल तर नकोच. आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवूनच घ्या. माझं पहिलं डिपॉझिट त्यावाचूनच बुडालं.